स्टील, काच की ‘बीपीए-फ्री’ प्लास्टिक? डबा-बाटली घेण्याआधी

दुकानात बाटल्यांच्या रॅकसमोर उभं राहिलं की तीन भाव दिसतात. खाली साधं प्लास्टिक, मधे ‘बीपीए-फ्री’ असं ठसठशीत लिहिलेलं प्लास्टिक आणि वर स्टील. काच बिचारी कोपऱ्यात, फुटेल म्हणून कुणी हात न लावलेली. मधल्या फळीला जास्तीचे पैसे द्यावेत का? माझं मत सरळ आहे: बहुतेक वेळा नाही. ते पैसे स्टीलवर घाला.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए. प्लास्टिक वापरात आल्यावर कधीतरी ते हार्मोनसारखं वागतं असं लक्षात आलं असेल, असा आपला समज. घडलं उलटं. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स आणि त्यांचे सहकारी कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, शोधत होते, तेव्हा १९३६ मध्येच त्याचा हा गुण दिसला होता. औषध म्हणून ते मागे पडलं आणि १९५० च्या दशकात पॉलिकार्बोनेट या काचेसारख्या पारदर्शक, टणक प्लास्टिकचा कच्चा माल म्हणून घराघरांत शिरलं.

पेशीत काय होतं? इस्ट्रोजेन आपल्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं आणि ती जोडी केंद्रकातली ठरावीक जनुकं चालू-बंद करते. बीपीए त्याच कुलपात बसणारी ढिली किल्ली आहे. तिची पकड खऱ्या हार्मोनपेक्षा हजारपटीहून कमी, त्यामुळे ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे बरीच वर्षं खपून गेलं. पण पेशीच्या पटलापाशीही इस्ट्रोजेनचे संदेश घेणारे रिसेप्टर असतात आणि तिथला कारभार मिनिटांत चालतो. माणसाच्या स्वादुपिंडातून काढलेल्या पेशीपुंजांवर प्रयोगशाळेत अगदी सूक्ष्म मात्रेतलं बीपीए घातलं, तर साखरेच्या सान्निध्यात त्या जास्त इन्सुलिन सोडू लागल्या. बशीतल्या पेशी म्हणजे अख्खा माणूस नव्हे, हे खरंच. तरी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली. अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, मात्र अन्नातून सध्या जाणारी मात्रा सुरक्षित असल्याचं म्हटलं आहे. भांडण मात्रेचं आहे.

आता ‘बीपीए-फ्री’. या चिठ्ठीमागे निरनिराळा माल असतो. एक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेलं दुधट प्लास्टिक. त्यात बीपीए कधी नव्हतंच. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्ट्रॉल-फ्री’ छापावं तसला प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे बीपीएच्या जागी त्याचाच चुलतभाऊ, बीपीएस (बिस्फेनॉल-एस), वापरून केलेलं प्लास्टिक. इथे अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हंट यांची गोष्ट आठवते. १९९८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतले उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकीच्या साबणानं धुतले गेले, बीपीए झिरपू लागलं आणि माद्यांच्या अंडपेशींत गुणसूत्रांचा गोंधळ दिसायला लागला. पिंजरे बदलले. वीसेक वर्षांनी नव्या प्लास्टिकच्या खराब झालेल्या पिंजऱ्यांतून बीपीएस झिरपताना सापडलं, आणि परिणाम त्याच जातीचे. मधल्या फळीवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे: काय काढलं ते लिहितात, बदली काय घातलं ते नाही.

स्टीलच्या बाजूनं फार बोलायची गरज नाही. धातूत बिस्फेनॉल नाही, प्लास्टिक मऊ करणारं थॅलेट नाही, पडलं तर पोचा येतो इतकंच. फक्त आतून बघून घ्या: कित्येक ‘गरम राहणाऱ्या’ डब्यांना बाहेरून स्टील आणि आत प्लास्टिकची वाटी असते. निकेलची ॲलर्जी असेल तर आंबट आमटी त्यात तासन् तास ठेवू नये. ॲल्युमिनियमची हलकी बाटली मात्र स्टील समजून घेऊ नका. तिला आतून लेप असतो आणि तो इपॉक्सीचा, म्हणजे बहुधा बीपीएपासूनच बनणाऱ्या राळेचा, असेल तर बीपीए मागच्या दारानं परत आलं.

काच रसायनांच्या हिशेबात सर्वांत निर्धास्त. घरात, फ्रिजमध्ये, लोणच्याला आणि मायक्रोवेव्हला (बोरोसिलिकेट असेल तर) तिच्यासारखं काही नाही. लोकलच्या गर्दीत आणि दुसरीतल्या मुलाच्या दप्तरात ती जमणार नाही.

प्लास्टिक अगदीच हद्दपार करायचं का? डाळी, पोहे, रवा प्लास्टिकच्या डब्यात खुशाल राहू देत. खरा मुद्दा उष्णतेचा. पॉलिकार्बोनेटच्या बाटलीत उकळतं पाणी घातलं की बीपीए १५ ते ५५ पट वेगानं सुटतं, असं सिनसिनाटी विद्यापीठाच्या प्रयोगात दिसलं. निर्धोक वाटणारं पॉलिप्रॉपिलीनही गरम पाण्यानं सूक्ष्म कण सोडतं. डब्लिनच्या संशोधकांना २०२० मध्ये दूधबाटल्यांत लिटरमागे १.६ कोटींपर्यंत कण मिळाले. म्हणून बाळाचं दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तयार करून, कोमट झाल्यावरच बाटलीत भरा. आपल्याकडच्या मानकानुसार दूधबाटलीत बीपीए चालत नाही, पण सुट्या विकल्या जाणाऱ्या बिनछापाच्या बाटलीचा भरवसा नाही.

बदलून उपयोग होतो का, हे विचारणाऱ्यांसाठी दोन प्रयोग. हार्वर्डच्या ७७ विद्यार्थ्यांनी आठवडाभर थंड पेयं पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून प्यायली, तर त्यांच्या लघवीतलं बीपीए साधारण दोन-तृतीयांशानं वाढलं. उलट, सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस डबाबंद आणि प्लास्टिकमधलं सोडून ताजं अन्न दिलं, तर लघवीतलं बीपीए जवळजवळ तितकंच खाली आलं. शरीर बीपीए काही तासांत बाहेर टाकतं. रोजची भर थांबली की पातळी लगेच उतरते.

त्यामुळे क्रम माझ्यापुरता असा: आधी गरम वरण-भाजीचा डबा स्टीलचा, मग पाण्याची बाटली स्टीलची, बाकीचं जमेल तसं. तारेच्या घासणीनं ओरखडे पडलेलं, धुरकट झालेलं पारदर्शक प्लास्टिक मी आता थेट भंगारवाल्याला देते. ऑफिसातला वीस लिटरचा निळसर जार मात्र माझ्या हातात नाही. तो बहुधा पॉलिकार्बोनेटचाच असतो, आणि येण्याआधी टेम्पोत दुपारभर उन्हात तापलेला. बाटली घरूनच भरून नेते.