साइटमार्क रेथ एचडी ४-३२×५०: खोक्यावरचे ३२ विसरा

रायफलवर बसणाऱ्या, रात्रीही पाहणाऱ्या या डिजिटल कॅमेरा-स्कोपच्या नावातच ३२ आहे आणि घेणारा बहुधा त्याच आकड्याला भुलतो. भिंगाची खरी ताकद ४ पट. पुढची वाढ डिजिटल, म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणलेला. सेन्सर १९२०×१०८० पिक्सेलचा, आतला पडदा १२८०×७२० चा. त्यामुळे ६ पटींपर्यंत पडद्याला पुरतील इतके पिक्सेल मिळतात. ८ पटींना रुंदीत ९६० उरतात, १६ ला ४८० आणि ३२ ला जेमतेम २४०. अंधारात चित्र आधीच दाणेदार, त्यात हे ताणणे. ४ ते ८ पटींचा स्कोप समजून घेतला तर मात्र माल चांगला आहे.

दिवसा रंगीत चित्र दिसते आणि जुन्या ट्यूबवाल्या नाइट व्हिजनसारखी भर उजेडाने जळण्याची धास्ती नाही. म्हणूनच झिरो, म्हणजे नेम आणि गोळीचा मारा जुळवणे, भर दिवसा करता येतो. स्कोप रेलवर (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीवर) ठेवला की आधी नळीच्या दिशेने पुढे दाबावा, मगच स्क्रू आवळावेत. तसे न केल्यास खाचेत फट राहते आणि गोळीच्या झटक्याने तो नंतर सरकतो तो याच फटीमुळे, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. त्यानंतर डायॉप्टर (डोळ्याकडची फोकस रिंग) फिरवून क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, स्वच्छ करावा, मग पुढच्या रिंगने समोरचे निशाण स्पष्ट करावे. हा क्रम उलटला की रात्रभर फोकसशी झटापट. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून ३ गोळ्या झाडाव्यात आणि त्यांच्या मध्यावरून दुरुस्ती करावी; एकाच गोळीवर विसंबू नये. गोळीचा प्रकार बदलला तर नवे प्रोफाइल, म्हणजे स्कोपमध्ये झिरोची वेगळी नोंद.

रात्री फोकस पुन्हा लावावाच लागतो, कारण इन्फ्रारेड प्रकाश भिंगातून किंचित वेगळ्या अंतरावर एकवटतो. सोबतची इन्फ्रारेड टॉर्च ८५० नॅनोमीटरची आहे. समोरून पाहिले तर तिचा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० ची टॉर्च दिसत नाही, पण त्या प्रकाशाला सेन्सर कमी दाद देतो आणि पल्ला घटतो. बिचकणाऱ्या जनावरांसाठीच ती घ्यावी.

चित्र एकाएकी काळवंडले तर टॉर्च कमजोर झाली असे लगेच समजू नये. बहुतेक वेळा जवळचे गवत, धूळ, धुके किंवा स्वतःच्याच रायफलची नळी उजळते, आणि त्या लखलखाटाला भिऊन कॅमेरा सगळेच चित्र मंद करतो. झोत अरुंद करा, तीव्रता उतरवा, गवताच्या वर या.

वीज चार एए सेलवर. थंडीत अल्कलाइन लवकर मान टाकतात. लिथियम घालावेत किंवा यूएसबीवरून पॉवर बँक जोडावी. वजन किलोच्या आसपास, त्यामुळे हलकी रायफल वरून जड होते.

टॉर्चच्या उजेडात डोळे फार लांबून चमकतात, अंगाचा आकार मात्र बराच जवळ आल्यावर कळतो. नुसत्या डोळ्यांवर घोडा ओढायचा नाही. रान न्याहाळायलाही हा स्कोप वापरू नये, कारण स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीचे तोंडही वळते. त्यासाठी हातातली वेगळी दुर्बीण ठेवावी.