ड्रॉप-अवे रेस्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मुलीच्या कंपाउंड धनुष्यावर (टोकांना कॅम नावाची चाके असलेले धनुष्य) केबलवर, म्हणजे त्या चाकांना जोडणाऱ्या दोरावर, चालणारा हा ड्रॉप-अवे रेस्ट बसवून आठ महिने झाले. रेस्ट म्हणजे बाण टेकवायचा आधार; हा ओढताना वर उभा राहतो आणि बाण सुटताच खाली पडतो. नागपूरच्या ओजस देवतळे याने 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण घेतले, तेव्हापासून तिला याच धनुष्याचा ध्यास लागला आहे. उलंगवाडीनंतर (कापसाची शेवटची वेचणी) पराटी उपटून मोकळ्या केलेल्या वावरात 50 मीटर मोजून, चिंध्या ठासलेल्या पोत्यांवर 80 सेंटिमीटरचे लक्ष्य लावून तिचा सराव चालतो.

पहिले चार महिने मी या रेस्टची भेटेल त्याच्याजवळ स्तुती केली. मार्चमध्ये मात्र बाण शेपटी उडवत जाऊ लागले. बाण सरळ जातो का हे पाहायला लाकडी चौकटीवर जुने वर्तमानपत्र ताणून दोन मीटरवरून बाण मारला, तर टोकाचे छिद्र खाली आणि पिसांच्या चिरा जवळपास तीन सेंटिमीटर वर. विक्रेत्याने फोटो पाहून बाणांचा स्पाइन (ताठरपणा) चुकल्याचे सांगितले व नवीन डझन घेण्यास सुचवले. एक डझन कार्बन बाण म्हणजे आमच्याकडे दोन क्विंटल कापसाची रक्कम. शिवाय स्पाइनचा दोष मुख्यतः आडव्या फाटण्यात दिसतो. उभे फाटणे नॉकची (बाणाची शेपटी प्रत्यंचेत अडकते त्या जागेची) उंची, रेस्ट किंवा कॅमचा ताळमेळ यांच्याकडे बोट दाखवते. हे मी त्यांना तीनदा समजावले, तरी त्यांनी रेस्ट तपासायला घेतला नाही.

पिसांना टाल्कम पावडर लावून पाहिले. घासल्याची खूण नव्हती. नॉकची जागा एक मिलिमीटर खाली घेतली, तेव्हा छिद्र गोल आले, परंतु दोन दिवसांत चीर पुन्हा वर सरकली. म्हणजे काहीतरी जागचे हलत होते. रेस्टची दोरी ज्या पकडीने केबलला धरलेली असते, तिच्या खालच्या कडेला लागून मी केबलवर बारीक रेघ ओढली. चाळीस बाणांनंतर रेघ आणि पकड यांच्यामध्ये तीन मिलिमीटर केबल उघडी पडली होती. धनुष्य ओढताना केबल खाली जाते, दोरी ताणली जाते आणि त्या ओढीने पकड दर वेळी किंचित वर घसरत होती. त्यामुळे दोरी सैल पडून पूर्ण ओढीतही आधार पुरता वर येत नव्हता आणि बाणाचे टोक खाली राहत होते.

एवढ्या महागड्या वस्तूत मूगडाळीएवढा स्क्रू पकड धरू शकत नाही, याचा मला आजही संताप येतो. पकड काढून टाकली, दोरी केबलवर सर्व्हिंगच्या (प्रत्यंचेवर गुंडाळायच्या) दोऱ्याने वरखाली गाठी मारून घट्ट बांधली आणि ओढीच्या शेवटच्या इंचभरात आधार पूर्ण उभा राहील एवढी तिची लांबी ठेवली. नॉक मूळ जागी नेला. आता छिद्र गोल येते.

रेस्टविषयीचे माझे मत त्यामुळे पुन्हा सुधारले आहे. आधार, स्प्रिंग आणि मिलिमीटरच्या खुणा यांत उणे काढण्यासारखे काही नाही. घेणाऱ्याने पकडीवर मात्र विसंबू नये, पहिल्याच दिवशी केबलवर रेघ ओढून ठेवावी. आमची रेघ मे महिन्याच्या उन्हातही जागची हलली नाही. पकड बदलून देण्याचा माझा अर्ज दुकानात अजून पडून आहे.