दिल्लीची दोन स्टेडियम: एक नॅशनल, एक नेहरू

इंडिया गेटजवळचं नॅशनल स्टेडियम १९३३ चं. तेव्हा त्याचं नाव आयर्विन अ‍ॅम्फीथिएटर. २६ जानेवारी १९५० ची प्रजासत्ताक दिनाची पहिली परेड राजपथावर नव्हे, इथे झाली, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. पुढच्याच वर्षी पहिल्या आशियाई खेळांचं यजमानपद. २००२ मध्ये ध्यानचंदांचं नाव लागलं, म्हणजे हॉकीचं घर हॉकीच्याच माणसाचं झालं.

जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२ च्या एशियाडसाठी उभं राहिलं. आकाराने कितीतरी मोठं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचा उद्घाटन सोहळाही तिथेच झाला.

भव्य कार्यक्रमाला नेहरूच हवं. देशाच्या आठवणींना मात्र, माझ्या मते, जुनंच बरं.