हॅम-डी की मॅड्रस? डिप्रेशनची ट्रायल आखणाऱ्यांसाठी

डिप्रेशनवरच्या औषधाची ट्रायल आखताय आणि मेन स्केल हॅम-डी घ्यायची की मॅड्रस (दोन्ही डिप्रेशन किती तीव्र आहे ते गुणांत मोजतात) यावर गाडी अडलीय, तर हे तुमच्यासाठी. दोन्ही रेटरनेच, म्हणजे गुण देणाऱ्यानेच, पेशंटची मुलाखत घेऊन भरायच्या, दोन्ही निदानासाठी नाहीत, स्कोअर निम्म्यावर आला की रिस्पॉन्स, म्हणजे उपचार लागू पडला, असं धरतात, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. मी दोन्ही भरपूर भरल्यात आणि माझं मत बनलेलं आहे, पण आधी हॅम-डीचं जे चांगलं आहे ते सांगतो.

मॅक्स हॅमिल्टनची ही स्केल 1960ची, म्हणजे अँटीडिप्रेसंट नुकती येत होती तेव्हाची, आणि तेव्हापासूनचा ढीगभर डेटा तिच्यावर आहे. तुमचा निकाल जुन्या अभ्यासांशेजारी ठेवायचा असेल किंवा पुढे कुणी मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून बघतात त्यात) घ्यावा असं वाटत असेल तर हॅम-डीने काम सोपं होतं. शिवाय हालचाली आणि बोलणं मंदावणं, अस्वस्थपणे हातपाय चाळवत राहणं, यासाठी तिच्यात वेगळे आयटम, म्हणजे गुण द्यायचे मुद्दे, आहेत. मॅड्रसमध्ये तसे नाहीत, त्यामुळे मेलँकोलिक पेशंट (कशानेच आनंद न होणारे, हालचाली मंदावलेले) जास्त असतील तर हॅम-डीच बरी असं मीही म्हणेन.

पण झोप! 17 आयटमपैकी तीन झोपेचे, लवकर न लागणारी, मधेच मोडणारी आणि पहाटेच उडणारी, प्रत्येकी 2 म्हणजे एकूण 6 गुण, आणि उदास मनाला मात्र 4. आता औषध थोडं जरी गुंगी आणणारं असलं तरी काय होतं बघा. एका ट्रायलमध्ये एक बाई दुसऱ्या आठवड्यात आल्या, रात्रभर छान झोप लागते म्हणाल्या, झोपेचे गुण 6 वरून 1 वर आले, म्हणजे नुसत्या तिथेच पाच गुण उतरले. मग विचारलं मुलगी भेटायला आली होती ना, कसं वाटलं, तर सपाट आवाजात म्हणाल्या, "आली, बसली, गेली. मला काही वाटलंच नाही." उदासी, अपराधीपणा, कामातला रस, सगळं होतं तिथेच होतं, पण टोटल बघितली तर कुणालाही वाटावं औषध लागू पडतंय. बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचा स्कोअर, विशीच्या पुढे थोडी असते तेव्हा पाच गुण म्हणजे फार झाले हो.

मॅड्रस 1979ची, माँटगोमेरी आणि ओसबर्ग यांची. 65 आयटमच्या मोठ्या स्केलमधून उपचाराने जास्त बदलणारे 10 निवडले, प्रत्येकी 0 ते 6, एकूण 60. झोपेला इथेही 6 आहेत, म्हणजे नुसती टक्केवारी काढली तर फरक किरकोळ वाटेल, हॅम-डीत 52 पैकी 6 आणि इथे 60 पैकी 6. पण इथे उदासीला दोन आयटम आहेत, एक चेहऱ्यावर दिसणारी आणि एक पेशंट स्वतः सांगतो ती, मिळून 12, आणि 'काही वाटतच नाही' यासाठी वेगळा आयटम आहे. त्या बाईंचं ते वाक्य मॅड्रसमध्ये थेट मोजलं जातं, हॅम-डीत ते 'काम आणि आवडी' या आयटममध्ये कसंबसं बसवावं लागतं. शरीराच्या तक्रारीही कमी असल्यामुळे ज्यांना आधीच दुसरा आजार आहे अशांचा स्कोअर उगाच फुगत नाही.

त्रास मॅड्रसचाही आहे. 2, 4, 6 चं वर्णन लिहिलेलं असतं पण 3 आणि 5 चं नसतं, त्यामुळे दोन रेटरमध्ये "तीन की चार" यावर वाद ठरलेला, म्हणून स्ट्रक्चर्ड मुलाखतीची गाइड घ्या आणि ट्रेनिंगला वेळ ठेवा. आणि जास्त झोपणारे, जास्त खाणारे पेशंट दोन्ही स्केलमधून निसटतात, त्याला उपाय म्हणून तिसरी एखादी स्केल जोडावी लागते.

तुमचं औषध झोपेवर काहीच करत नसेल तर कदाचित फार फरक पडणार नाही, आणि तुमचे रिसर्च गाइड किंवा एथिक्स कमिटी हॅम-डीच मागत असेल तर भांडत बसू नका, घ्या. तेव्हा फक्त त्यातल्याच सहा आयटमची हॅम-डी6 वेगळी काढून ठेवा, तिच्यात झोप नाहीच, आणि त्यासाठी वेगळी मुलाखतही लागत नाही. पण निवड तुमच्या हातात असेल तर मी मॅड्रस घेईन, आणि कुठलीही घेतली तरी आयटमवार स्कोअर जपून ठेवून झोप वगळूनही निकाल एकदा काढून बघेन, आणि तसं करणार हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, आधीच लिहीन.