पोर्तुगालचा गोल्डन व्हिसा : रहिवासासाठी चांगला, पासपोर्टसाठी घेत असाल तर थांबा

पोर्तुगालमध्ये ठरावीक गुंतवणूक केली की तिथे राहण्याचा परवाना मिळतो, त्याला गोल्डन व्हिसा म्हणतात. या योजनेची खरी ओढ दोन गोष्टींत होती. वर्षाला सरासरी सात दिवस तिथे राहायचे आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचा. सात दिवसांची अट आजही तशीच आहे. पाच वर्षे मात्र आता धरून चालू नका. 28 ऑक्टोबर 2025 ला पोर्तुगालच्या संसदेने ही मुदत 10 वर्षांवर नेणारा कायदा संमत केला. युरोपीय संघाच्या आणि पोर्तुगीजभाषक देशांच्या नागरिकांना 7 वर्षे, म्हणजे आपण भारतीय 10 च्या रांगेत. 15 डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने त्यातली काही कलमे रद्दबातल ठरवली, पण 10 च्या आकड्याला हात लावला नाही.

त्याहून महागात पडते ती मोजणी. 2024 च्या दुरुस्तीने वर्षे रहिवास-अर्जाच्या तारखेपासून धरली जात होती. संसदेने संमत केलेल्या मसुद्यात ती रहिवासाचे कार्ड निघाल्यापासून धरली आहेत. त्या कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळण्यातच दीड-दोन वर्षे सहज जातात, तेव्हा हिशेब 12 वर्षांचा करा. मुलगी आज बारा वर्षांची असेल तर तिच्या कॉलेजसाठी हा पासपोर्ट कामी येणार नाही. सल्लागाराच्या माहितीपत्रकावर अजून ‘पाच वर्षांत पासपोर्ट’ छापलेले दिसले, तर तेवढ्यावरून तो सल्लागार बाद करावा.

घर घेऊन व्हिसा मिळवण्याची वाट ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. आता बहुतेक जण 5 लाख युरो गुंतवणूक फंडात घालतात. त्या फंडाचे किमान 60 टक्के पैसे पोर्तुगीज कंपन्यांत हवेत आणि स्थावर मालमत्तेचा संबंध नको.

भारतातून अर्ज करणाऱ्यांचे घोडे अडते ते पैसे पाठवताना. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर नेता येतात. 5 लाख युरो म्हणजे साधारण 5 लाख 80 हजार डॉलर. ‘नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करू’ असे सर्रास सांगितले जाते. पण गुंतवणुकीत दोघे सहमालक नसतील तर ती एकत्र करता येत नाही, आणि फंडाची युनिट तर मुख्य अर्जदाराच्या नावावरच हवीत. म्हणून एकट्याने तीन आर्थिक वर्षांत पैसे पाठवावे लागतात : पहिला हप्ता मार्चमध्ये, दुसरा लगेच एप्रिलमध्ये, उरलेला पुढच्या एप्रिलमध्ये. म्हणजे व्हिसाचा अर्ज करायलाच वर्ष उलटते. मधल्या काळात पैसे लिस्बनच्या बँकेत नुसते पडू देऊ नका. 180 दिवसांत गुंतवले नाहीत तर ते परत आणावे लागतात. प्रत्येक हप्ता आला की फंडात घालता येईल का, हे आधी लेखी विचारा.

पाठवायच्या पैशांपैकी 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच गोळा केलेला आयकर, आहे. डॉलर 90 रुपये धरला तर अडीच लाख डॉलरच्या हप्त्यावर 43 लाख रुपये कापले जातात. विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर अडकून राहतात. कर्ज काढून ही गुंतवणूक करायची सोय नाही, हेही सीएकडून आधीच समजून घ्या.

फंडाची मुदत नीट वाचा. पाच वर्षांच्या नागरिकत्वाच्या बेताने काढलेले बरेच फंड सहा ते आठ वर्षांत पैसे परत करतात. मग उरलेल्या वर्षांचे काय? पाच वर्षांनी कायम रहिवास मागता येतो, तो मार्ग शाबूत आहे. त्यासाठी ए2, म्हणजे प्राथमिक पातळीची पोर्तुगीज भाषा यावी लागते. युरोपात राहण्याचा हक्क हाताशी असावा, एवढीच गरज असेल तर योजना आजही घेण्याजोगी आहे. झटपट पासपोर्टच्या आशेने पाच कोटी रुपये अडकवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोव्यात मुळे असतील तर आधी घरातली कागदपत्रे काढा. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून नागरिकत्व मिळवण्याचा वेगळा रस्ता आहे, त्याला गुंतवणूक लागत नाही. तिथे अडते ते नावाच्या स्पेलिंगवर : जुन्या पोर्तुगीज नोंदीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. ते आधी दुरुस्त करून घ्या. आणि कोणत्याही वाटेने पोर्तुगीज नागरिकत्व मिळाले की भारतीय नागरिकत्व संपते; मग मिळू शकणाऱ्या ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचे कार्ड) मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.