हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणारे सोलापुरात फिरतायत, सावध राहा

माझी भाची यंदा दहावीला आहे. मराठी माध्यम, वडील यंत्रमागावर. शाळेच्या फाटकाबाहेर 'मोफत हस्ताक्षर तपासणी'ची पत्रकं वाटली गेली आणि ताई तिला घेऊन नव्या पेठेतल्या एका ऑफिसात गेली. तिथे पोरीला इंग्रजीत पानभर लिहायला लावलं. का, तर 'टी'ची आडवी रेघ किती वर आणि 'वाय'चं शेपूट किती लांब, यावरच त्यांचे सगळे ठोकताळे. रोज मराठी लिहिणाऱ्या मुलीचा हात इंग्रजीत अडखळणारच. त्यावरून पोरीच्या तोंडावर सांगितलं, "आत्मविश्वास नाही, निर्णयशक्ती नाही, बोर्डात फटका बसेल." उपाय म्हणे 'हस्ताक्षर उपचार', १८,००० रुपये. दाजींच्या दिवाळी बोनसमधून ताईने निम्मे तिथल्या तिथे भरले.

तो अहवाल मी वाचला. 'तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून अस्वस्थ असता.' 'तुमच्यातली बरीच क्षमता अजून वापरलीच गेलेली नाही.' गल्लीतला एक मुलगाही तिथे जाऊन आला होता. त्याचा अहवाल शेजारी ठेवला, तर ओळीच्या ओळी त्याच, फक्त नाव वेगळं! ही युक्ती जुनी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना 'खास तुमचं वर्णन' म्हणून एकच मजकूर दिला, तोही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. पोरांनी त्याला अचूकतेसाठी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

"कोर्टातसुद्धा अक्षरतज्ज्ञ चालतो की," असं तिथल्या बाईंनी ताईला ऐकवलं. ही शुद्ध दिशाभूल आहे. कोर्टातला तज्ज्ञ अक्षर कुणाचं, सही खरी की बनावट, ते सांगतो. माणसाच्या स्वभावाशी त्याला देणंघेणं नसतं. अक्षरावरून स्वभाव ओळखण्याचा दावा शास्त्रीय चाचण्यांत टिकलेला नाही. वळणदार अक्षरासाठी सराव करून घ्यायचा तर जरूर घ्या, पेपर तपासणाऱ्याला वाचायला सोपं जातं.

पैशापेक्षा जास्त लागलं ते पोरीचं बोलणं. "मामा, मी खरंच अशी आहे का हो?" असं विचारताना ती वहीवर हात झाकून बसली होती.

पैसे परत मागितले तर पावतीच्या मागची बारीक ओळ दाखवली, 'फी परत मिळणार नाही'. भरून घेताना ती कुणी वाचून दाखवली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगासाठी अर्जही तयार आहे. तुमच्याकडे असा अहवाल असेल तर रागाने फाडू नका, पावतीसोबत जपून ठेवा. दोन अहवालांतल्या सारख्या ओळी हाच आपला पुरावा आहे.