स्वस्तातलं ग्राफिक्स सॉफ्टवेअर निवडताय? आधी एक्स्पोर्टची खिडकी उघडून बघा

वेबसाइटच्या कामासाठी सॉफ्टवेअर शोधताना बहुतेक जण ब्रश आणि फिल्टर मोजत बसतात. खरा कस लागतो तो फाइल बाहेर काढताना. तिथे हाताशी किती नियंत्रण आहे, ते आधी बघा.

फोटोसाठी आमची पहिली पसंती गिंप. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीने जुनं दुखणं बरंच कमी केलं: फिल्टर लावला तरी मूळ चित्र शाबूत राहतं, लेयरसमोरच्या (लेयर म्हणजे चित्राचा एकेक थर) 'एफएक्स' चिन्हावर क्लिक करून तो नंतर बदलता येतो. नवख्यांचा घोळ हमखास एकाच जागी होतो. 'सेव्ह' केलं की एक्ससीएफ फाइल तयार होते, ती वेबसाइटवर चालत नाही. जेपेग किंवा पीएनजी हवं तर 'एक्स्पोर्ट ॲज'. एक्ससीएफ मात्र जपून ठेवा, लेयर तिच्यातच राहतात.

आता ती एक्स्पोर्टची खिडकी. जेपेगची क्वालिटी 80 ते 85 ठेवली तर बहुतेक फोटोंत डोळ्याला फरक कळत नाही आणि फाइल बरीच हलकी होते. पण बॅनरवर लाल अक्षरं असतील तर प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग (किती पिक्सेलमागे रंगाची नोंद ठेवायची ते) 4:4:4, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग, आहे ना, ते तपासा. 4:2:0 मध्ये चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद उरते, म्हणून लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात. क्वालिटी 95 केली तरी तो डाग पूर्ण जात नाही, कारण दोष दुसरीकडेच आहे. वेबपी या वेबसाठीच्या फाइल प्रकारातही नेहमीच्या पद्धतीने हीच अडचण येते. अशा चित्राला लॉसलेस (चित्रातलं काहीच न गाळणारं) वेबपी किंवा पीएनजी बरं.

क्रमही सांभाळा: आधी रंगदुरुस्ती, मग आकार लहान करणं, शार्पन (कडा ठळक करणं) सगळ्यात शेवटी. आधी शार्पन केलं तर आकार घटवताना ते बरंचसं वाया जातं. अडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीतला फोटो वेबच्या नेहमीच्या एसआरजीबीमध्ये रूपांतरित न करता प्रोफाइल (फाइलमधली रंगपद्धतीची नोंद) काढून टाकलं, तर ब्राउझरमध्ये रंग मरगळलेले दिसतात. आणि 72 डीपीआयच्या (इंचामागे किती ठिपके, त्या आकड्याच्या) नादी लागू नका. पडद्यावर 1600 पिक्सेल म्हणजे 1600 पिक्सेलच.

लोगो आणि आयकॉन गिंपमध्ये करू नका, ते इंकस्केप या व्हेक्टर (रेषा-आकारांच्या) सॉफ्टवेअरचं काम. फाइल देताना व्हेक्टर चित्रांच्या एसव्हीजी प्रकारातला 'प्लेन एसव्हीजी' निवडा, म्हणजे इंकस्केपची अंतर्गत माहिती फाइलमध्ये जात नाही. लोगोतला मजकूर 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून द्या, नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला भलतीच अक्षरं दिसतील. त्याआधी एक प्रत राखून ठेवा. पाथ झालेला मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही.

कुणी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) पाठवली आणि एखादा शब्द बदलायचा आहे, तर फोटोपी पुरतं. ब्राउझरमध्येच चालतं आणि फाइल तुमच्याच मशीनवर उघडते. मोठ्या, पुष्कळ लेयरच्या फाइलला मात्र मेमरी कमी पडते.

ॲफिनिटी हे ग्राफिक्स सॉफ्टवेअर ऑक्टोबर 2025 पासून फुकट झालं आहे. हाताळायला ते गिंपपेक्षा सफाईदार आहे, फोटो आणि व्हेक्टर एकाच ठिकाणी होतात. त्यासाठी कॅन्व्हा या ऑनलाइन डिझाइन सेवेचं खातं लागतं आणि एआयची साधनं पैसे भरल्यावरच मिळतात. मूळ फाइलसोबत एसव्हीजी किंवा पीएसडीची प्रत काढून ठेवा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी काम अडणार नाही.

कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न झालेल्या) फाइल असतील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी सोबत टाका. गिंप रॉ फाइल स्वतः न उघडता त्यांच्याकडेच सोपवतं.

आपल्यासाठी आणखी एक चाचणी, आणि ती टाळू नका. कुठलंही सॉफ्टवेअर कायमचं घेण्याआधी त्यात युनिकोड फॉन्टने 'लक्ष्मी', 'आर्किटेक्ट', 'दृष्टी' हे तीन शब्द टाइप करा. पाय मोडलेला 'क्ष' दिसला, रफार जागेवर नसला किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला गेली, तर मराठी बॅनरसाठी ते बाद. गिंप आणि इंकस्केप दोन्हींत जोडाक्षरं नीट जुळतात.